पाणीवाल्या बाई काय म्हणाल्या

३ ऑगस्ट

प्रिय बडबडे,

तुझं पत्र परवा मिळालं. रंगाच्या कारखान्यातले पाहुणे तुमच्या कॉलेजात येऊन काय बोलले ते तू दोन पानं भरून लिहिलंस. मी ते चहाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चौदा माणसं आणि चौदा तऱ्हा, पण सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मीठभाऊ तर म्हणाला, "आपल्याला असं कुणी येऊन सांगत नाही रे." मीठभाऊ म्हणजे पाणी मऊ करायच्या टाकीत दर सोमवारी मीठ भरतो तो. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल.

तू हसशील, पण मला तुझा हेवा वाटतो. दर शुक्रवारी कुणीतरी आपलं काम बाजूला ठेवून येतं, आयुष्यभर जे केलं ते तासाभरात सांगून जातं, आणि तुला समोर बसायला मिळतं. मी दहावी झालो आणि थेट या मशीनांत आलो. त्याला सव्वीस वर्षं झाली. मशीनच्या आवाजानं माझ्या कानांची अशी वाट लागलीय की मला पहिल्या रांगेत बसवलं तरी निम्मंच ऐकू येईल. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता 'हो हो' करतो, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, माझ्या वाटचं तू ऐक आणि लिहून पाठव.

आता कामाचं. तू पाठवलेल्या यादीत पुढच्या शुक्रवारी पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रमुख बाई आहेत. त्यांना माझा एक प्रश्न विचार. गेले काही महिने आमचे टॉवेल करडे आणि कडक निघताहेत. साबण तोच, मशीन तेच, माणसंही तीच. पण टॉवेल भिंतीला टेकवून ठेवला तर उभा राहतो. मोठ्या सिस्टर रोज वॉर्डातून तक्रारीची चिठ्ठी पाठवतात. साहेबांनी सांगून टाकलंय की ऑक्टोबर संपेपर्यंत सुधारणा दिसली नाही तर कपडे बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि आमचा विभाग बंद होणार. आमच्यातले नऊ जण पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्यांना आता दुसरीकडे कोण उभं करणार?

प्रश्न असा विचार: साबण, मशीन आणि वेळ यातलं काहीच बदललं नाही, तरी कपडे कडक आणि करडे का होतात? हात वर करायला लाजू नकोस. लहानपणी तू कशालाच लाजली नाहीस.

तुझा
मामा

१२ ऑगस्ट

मामा,

नमस्कार. मामीलाही.

पाणीवाल्या बाई आल्या होत्या. हॉल खच्चून भरला होता. त्यांनी पाण्याचं महत्त्व, पुढच्या काळातली आव्हानं आणि त्यात तरुणांची भूमिका यावर फार छान मार्गदर्शन केलं. बोलणं एकदम ओघवतं. शेवटी खूप टाळ्या पडल्या.

तुझा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, मळ साठत चाललाय याचा अर्थ साबण कमी पडतोय. तुम्ही साबणाची पावडर दीडपट करा, महिन्याभरात फरक दिसेल. एवढं सोपं होतं बघ. उगीच काळजी करत बसला होतास.

इकडे सबमिशनची धावपळ आहे, म्हणून थोडक्यात आवरते.

तुझी
बडबडी

२५ ऑगस्ट

प्रिय बडबडे,

तू भरल्या हॉलमध्ये हात वर केलास, तेही माझ्या टॉवेलांसाठी. पत्र वाचलं आणि तुझ्या मामीला हाक मारली. ती म्हणाली, पोरगी कुणावर गेलीय ते दिसतंय, आणि स्वतःकडे बोट दाखवलं. मी वाद घातला नाही.

सोमवारपासून साबण दीडपट केला. साहेबांना विचारायला गेलो असतो तर ते चार कागद मागत बसले असते, म्हणून विभागप्रमुख या नात्यानं मीच ठरवून टाकलं. इतक्या मोठ्या बाईंनी सांगितल्यावर शंका कसली.

सोबत एक घडी केलेली चिठ्ठी आहे. ती बाईंना दे. आभाराची आहे. मी तीन वेळा लिहिली, तेव्हा कुठे अक्षर जरा बरं आलं. तू वाचू नकोस, तुला हसू येईल.

तुझा
मामा

४ सप्टेंबर

मामा,

चिठ्ठी बाईंना पोचवली. त्यांना बरं वाटलं.

टॉवेलांचं काय झालं ते कळव.

बडबडी

१४ सप्टेंबर

प्रिय बडबडे,

टॉवेलांचं चाललंय. असल्या गोष्टींना वेळ लागतो. तू तुझ्या अभ्यासाकडे बघ.

मी सध्या मशीनवर नाही, घड्या घालायच्या टेबलावर असतो. बसून काम आहे, पायांना आराम. सव्वीस वर्षांत खुर्ची मिळाली नव्हती, ती मिळाली. तब्येत उत्तम. या शुक्रवारी कोण आलं होतं?

तुझा
मामा

१८ सप्टेंबर

बडबडे,

मी मामी. तुझ्या मामाला न सांगता लिहितेय.

खुर्ची मिळाली असं त्यानं तुला कळवलं असेल. मिळाली नाही, त्याला तिथे बसवलंय. साबण वाढवल्यापासून टॉवेल आणखी वाईट निघायला लागले. वॉर्डात एक आजोबा आहेत, सहा आठवडे पाठीवर पडून. त्यांच्या पाठीवर चट्टे उठले, खाजवून खाजवून रक्त आलं. डॉक्टरांनी चादर तपासायला पाठवली तर त्यात साबणच साबण. चौकशी बसली. न विचारता साबण कुणी वाढवला, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा हा म्हणाला, मी. कुणाच्या सांगण्यावरून, तर म्हणाला, माझ्याच डोक्यानं. त्याचं विभागप्रमुखपद काढलंय. तो रोज डबा घेऊन जातो, पण न खाता तसाच परत आणतो.

काल शर्ट धुताना त्याच्या खिशात तुझं पत्र सापडलं. साबणाच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढलेली आहे. ते पत्र त्यानं साहेबांना का दाखवलं नाही ते मला कळतं. तुलाही कळेल.

मी तुला बोल लावत नाही. एवढंच विचारते: त्या बाई खरंच तसं म्हणाल्या होत्या का? म्हणाल्या असतील तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आण. मी स्वतः जाऊन साहेबांपुढे ठेवीन.

मामी

२३ सप्टेंबर

मामी आणि मामा,

हे दोघांनी मिळून वाचा. मामी, आधी तू वाच.

बाई तसं म्हणाल्या नाहीत. मी त्यांना काही विचारलंच नाही. मी शेवटच्या रांगेत बसून दुसऱ्या कुणाची तरी प्रयोगवही उतरवत होते, कारण चार वाजता ती जमा करायची होती. हजेरीच्या कागदावर सही केली, मान खाली घातली, ती टाळ्या पडल्यावर वर काढली. रंगवाल्यांच्या वेळीही तेच. ते दोन पानी पत्र मी सूचनाफलकावरच्या जाहिरातीवरून रचलं होतं. दीडपट साबण हे माझ्या डोक्यातून आलं. कपडा मळका म्हणजे साबण कमी, यापुढे मी विचार केला नाही. आणि मामा, तुझी चिठ्ठी मी पोचवली नव्हती. ती माझ्या पुस्तकात होती.

मामीचं पत्र वाचलं. खरं सांगते, पहिल्यांदा आजोबा आठवले नाहीत. यातून माझी सुटका कशी होईल एवढंच आलं डोक्यात. माझ्या खोलीत राहणाऱ्या चष्मिषकडे तिची वही मागितली. वाटलं, बाई बोलता बोलता असं काही म्हणूनही गेल्या असतील. चष्मिष दर वेळी पहिल्या रांगेत बसते आणि आम्ही तिची त्यावरून टर उडवतो. तिच्या वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ असते. डावीकडे पाहुणे जे बोलले ते, उजवीकडे तिला जे कळलं नाही ते. डावीकडे लिहिलं होतं: 'जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबण विरघळत नाही, त्याचा साका होतो आणि कपड्यात बसतो. कपडा करडा, कडक, अंगाला खाज. लोक आणखी साबण घालतात, आणखी साका.'

मामा, हे त्या बोलत होत्या तेव्हा मी त्याच हॉलमध्ये होते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी न विचारता दिलं होतं.

वहीत खाली बाईंचा पत्ता होता. तो त्यांनी शेवटी फळ्यावर लिहिला होता आणि म्हणाल्या होत्या, इथे विचारायला संकोच वाटला तर तिथे या. साठ जणांतल्या चष्मिषनंच तो उतरवून घेतला असणार. काल मी गेले. बाईंची खोली लहानशी आहे, टेबलभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या पाण्याच्या बाटल्या, चहाचा कप ठेवायलाही जागा नाही. मी तुझी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "हे आभार मी न दिलेल्या सल्ल्याचे आहेत." मी हो म्हणाले आणि सगळं सांगितलं. आता माझे कान उपटणार असं वाटलं होतं. त्यांनी एका खुर्चीवरच्या बाटल्या उचलून मला बसायला जागा केली.

मग त्याच मला प्रश्न विचारायला लागल्या. लॉन्ड्रीत पाणी मऊ करायची टाकी आहे का? आहे. आठवड्याला किती मीठ लागतं? माहीत नाही. पूर्वीइतकंच लागतं का? माहीत नाही. टॉवेल बिघडायला लागले त्या सुमाराला तिथे काही दुरुस्ती झाली होती का? माहीत नाही. माझी इतकी नाचक्की कुठल्या तोंडी परीक्षेत झाली नव्हती. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या मामांना विचार. त्यांना आणि त्या मीठ भरणाऱ्यांना सगळं माहीत असणार. त्यांना कुणी विचारलेलं नाही, इतकंच."

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते, मी त्यांच्यासमोर उतरवलं आणि त्यांना वाचून दाखवलं. दोन सारख्या बाटल्या घ्यायच्या. एकीत मशीनला येणारं पाणी, दुसरीत वाफेच्या नळीतून गळून थंड झालेलं पाणी. दोन्हीत साबणाचा सारखाच चिमूटभर कीस टाकून वीस वेळा हलवायचं. वाफेच्या पाण्यावर फेस येईल. मशीनच्या पाण्यात फेसाऐवजी पांढरा साका तरंगला तर पाणी जड आहे, टाकी काम करत नाही. मग टाकी का काम करत नाही ते शोधायचं. आणि साबण आजच्या आज पहिल्याइतका करायला साहेबांना सांगायचं.

माझी चूक झाली. आजोबांची पाठ, तुझी जागा, सगळं माझ्यामुळे. मला माफ कर असं लिहायलाही लाज वाटते, तरी लिहिते.

बडबडी

४ ऑक्टोबर

बडबडे,

तुझं पत्र वाचून राग आला. थोडाथोडका नाही. टॉवेलांपेक्षा त्या रंगवाल्यांच्या पत्राचा जास्त आला. ते मी तेरा माणसांना वाचून दाखवलं होतं, मध्ये मध्ये थांबून, समजावून सांगत. दोन दिवस मी तुझ्या मामीशीही धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बाटल्या शोधल्या.

बाईंनी सांगितलं तसंच केलं. वाफेच्या पाण्यावर फेस असा आला की बूच उडालं. मशीनच्या पाण्यात साका, नासलेल्या दुधासारखा. मीठभाऊला बोलावलं आणि विचारलं, आठवड्याला मीठ किती लागतं रे? तो म्हणाला, "लागतच नाही. फेब्रुवारीपासून टाकी भरलेलीच असते. मी दर सोमवारी झाकण उघडतो, बघतो, बंद करतो." त्याला वाटलं टाकीचं पोट भरलं. स्टोअरवाल्यांनी तर मीठ वाचवतो म्हणून त्याचं कौतुकही केलं होतं. फेब्रुवारीत काय झालं, तर पंप बदलला. पंप बदलताना प्लंबरनं पाणी बाजूच्या नळीनं सोडलं आणि काम संपल्यावर झडपेचा दांडा परत फिरवायचा विसरला. आठ महिने पाणी टाकीला वळसा घालून मशीनमध्ये येत होतं. पंजाएवढा दांडा आहे. मीठभाऊनं पाव फेरी फिरवला, टाकीत पाणी शिरल्याचं मला हाताला जाणवलं.

'त्यांना कुणी विचारलेलं नाही' हे बाईंचं वाक्य मी मीठभाऊला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

साहेबांना बाटल्या आणि दांडा दोन्ही दाखवलं. त्यांनी साबण पूर्वीइतका करायला सांगितला, चौकशीच्या गडबडीत तेच राहून गेलं होतं. कपडे चार वेळा साध्या पाण्यात खळबळून काढले, साका अजून निघतोय. आजोबांच्या पाठीला मलम चालू आहे, उतार आहे. विभागाचं काय ते महिनाअखेरीला ठरेल. माझ्या चौकशीचा कागद अजून वरच आहे. साबण कुणी सुचवला हे मी साहेबांना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. कागदावरचं न तपासता मशीनवर चालवलं ते मी. शिकणाऱ्या मुलीचं नाव असल्या कागदात नको. यावर वाद घालू नकोस.

एक सांगतो. तू मामीला 'हो, म्हणाल्या होत्या' असं लिहून मोकळी झाली असतीस तरी आम्ही विश्वास ठेवला असता. तू तसं केलं नाहीस. तोंड लपवलं नाहीस, उलट त्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहिलीस. राग आहे, पण हेही आहे.

मामा

१७ ऑक्टोबर

मामा,

तू रागावलास ते बरं झालं. गप्प राहिला असतास तर मला कुठे तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि राग येऊनही तू बाटल्या शोधल्यास, यासाठी तुझे किती उपकार मानू ते कळत नाही.

या शुक्रवारी काचेच्या भट्टीवरचे मिस्त्री आले होते. मी आदल्या दिवशी वाचनालयात जाऊन काच कशी करतात ते वाचलं, निदान त्यांच्या बोलण्यातले शब्द तरी ओळखीचे वाटावेत म्हणून. दुसऱ्या रांगेत बसले. पहिलीत बसायचा धीर नाही झाला. ते आकडे सांगत होते आणि मुलं पेंगत होती, मीही एकदा पेंगले. शेवटी 'काही प्रश्न?' म्हटल्यावर मुलं वह्या मिटायला लागली. मी हात वर केला. विचारलं, "तुमच्या हातून झालेली कुठली चूक तुम्ही अजून विसरला नाहीत?" मिस्त्रींनी हातातले कागद खिशात घातले. नवीन असताना त्यांनी भट्टी घाईनं थंड केली होती. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कामगाराला विचारायचं कमीपणाचं वाटलं, म्हणून. भट्टीच्या सगळ्या विटा तडकल्या, दोन महिने कारखाना बंद. तो म्हातारा त्यांना काही बोलला नाही, ते त्यांना अजून सलतं. वीस मिनिटं बोलत होते. एकही जण पेंगला नाही.

मला तीन गोष्टी कळल्या नाहीत. दोन मी त्यांना बाहेर गाठून विचारल्या. तिसरी राहिली, कारण त्यांची गाडी सुटत होती. त्यांनी पत्ता दिलाय, लिहून विचारीन. तिन्ही मागच्या पानावर लिहिल्यात, तुमच्या चौदांपैकी कुणाला उत्तर माहीत असेल तर कळवा. वाफ आणि उष्णता तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलीय.

या पत्रातलं सगळं घडलेलं आहे. खाली साक्षीदार म्हणून चष्मिषची सही घेतलीय. ती म्हणाली, सहीची काय गरज? मी म्हटलं, गरज आहे.

आणखी एक काम केलंय, ते तुला आवडणार नाही. यथावकाश कळेल.

तुझी
बडबडी

(वरील मजकूर खरा आहे. मिस्त्री बोलत असताना ही फक्त एकदाच पेंगली. — चष्मिष)

२ नोव्हेंबर

प्रिय बडबडे,

परवा बैठक झाली. साहेब, मोठ्या सिस्टर आणि आम्ही सगळे. सिस्टरनी सकाळच्या गठ्ठ्यातला मधलाच टॉवेल ओढून काढला, वरचा घेतला नाही, त्या हुशार आहेत. गालाला लावला आणि साहेबांकडे बघून मान हलवली. विभाग चालू राहणार. बाहेरच्या कंपनीला नकाराचं पत्र गेलंसुद्धा. मीठभाऊला आता मीठ किती लागलं ते दर सोमवारी लिहून ठेवायचं काम दिलंय. तो त्याखाली झोकदार सही करतो.

मग साहेबांनी मला थांबायला सांगितलं आणि एक कागद पुढे केला. तुझं अक्षर. तू मला न विचारता त्यांना सगळं लिहिलंस: व्याख्यानात मान खाली घालून बसले होते, उत्तर मनानं रचलं, मामानं माझ्यावर विश्वास ठेवला एवढीच त्याची चूक, आणि आता माझं नाव लपवायला तो स्वतःची जागा घालवतोय. खाली कॉलेजचं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. वाद घालू नकोस असं मी तुला स्पष्ट लिहिलं होतं. तू वाद घातलाच नाहीस, सरळ करून मोकळी झालीस.

मी ते उभ्यानंच वाचलं आणि मला रडू आलं. सगळे दाराशी उभे होते. सव्वीस वर्षांत त्यांनी मला असं पाहिलं नव्हतं, पण लाज वाटली नाही. साहेब काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. मीठभाऊनं माझ्या तळहातावर बोटानं लिहून दाखवलं: 'प्रमुख'.

संध्याकाळी त्या आजोबांना भेटायला वॉर्डात गेलो. पाठ बरी आहे. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, मी म्हटलं. माझ्या भाचीनं त्यावर उपाय शोधून काढला, हेही सांगितलं. ते बराच वेळ बोलले. काय म्हणाले ते सिस्टरनी मला कागदावर लिहून दिलं. लिहिलं होतं, 'मुलीला सांगा, काल रात्रभर झोप लागली.' तो कागद या पत्रात घातलाय. तो तुझा आहे.

तुझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर आमच्या चादरींना गरम रोलरनं इस्त्री करणाऱ्या रोलरवाल्या बाईंना माहीत होतं. वेगळ्या पानावर त्यांच्याच शब्दांत आहे. बाकी दोन आम्हालाही कळले नाहीत. मिस्त्रींचं उत्तर आलं की इकडे पाठव, सगळे विचारताहेत.

पोरी, तू मला जे परत दिलंस ते मला नीट लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. यापुढे माझी पत्रं जरा उशिरा आली तर समजून घे. मी आता मशीनवर असतो.

तुझा
मामा